आजीसाठी घोकलेली वाक्यं

इटलीतल्या प्रातो शहरातल्या चिनी वाणसामानाच्या दुकानात तीळ भरलेले पाव शोधता शोधता युनशी रडकुंडीला आली होती. आई-वडील चिनी, पण जन्म इथलाच; हातातल्या पाकिटावरची चिनी अक्षरं काही केल्या लागेनात.

"त्यात कोळंबी आहे," मागून कुणीतरी हसलं. "चहाबरोबर खाणार?"

तो झेकाई. शनिवारी मुलांना चिनी शिकवायचा. मग युनशीही शनिवारी त्याच्याकडे शिकायला जाऊ लागली... आणि अक्षरांपेक्षा त्याच्या बोटांकडेच बघू लागली.

 आज झेकाईच्या आजीकडे जेवण होतं. त्याला लहानाचं मोठं केलं ते आजीनंच. तिनं नाक मुरडलं तर सगळंच संपलं. युनशीनं झेकाईनं शिकवलेली शुद्ध चिनीतली वाक्यं घोकून घोकून तोंडपाठ केली होती.

दारातच दोन्ही हातांनी संत्री पुढे करत तिनं ती घडाघडा म्हटली. आजी नुसती बघत राहिली.

"चुकलं का रे?" युनशीनं इटालियनमध्ये हळूच विचारलं.

"छान बोललीस," झेकाई पुटपुटला. पण नजर चुकवून.

जेवताना आजी तिच्याकडे न बघता वाडग्यात वाढत राहिली. युनशी नुसती भात चिवडत होती. शिवणाच्या कारखान्यात आई बोलते ती चीनमधल्या वेन्झाऊची बोली तिला येत होती, पण ती गावंढळ वाटायची म्हणून तिनं झेकाईपासूनसुद्धा लपवली होती.

इतक्यात आजीनं उकळत्या सुपाचं भांडं उघड्या हातांनी धरलं.

"अहो आजी, भाजेल ना! ठेवा ते खाली!" युनशी ओरडली. आईच्याच बोलीत.

आजीनं भांडं ठेवलं. "अगं बया, तोंड आहे की तुला! मघाशी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं काय बोलत होतीस? एक अक्षर कळलं असेल तर शपथ!"

युनशी झेकाईकडे वळली. "आजींना ती भाषा येतच नाही? मग शिकवलीस कशाला?"

त्याचे कान लालबुंद झाले. "खरं सांगितलं असतं, तर... शनिवारी आली असतीस?"

"वेड्या... तरीही आले असते."

"इटालियनमध्ये काय कुजबुजताय?" आजीनं दटावलं.

युनशी आजीकडे वळली. हे वाक्य तिनं घोकलं नव्हतं. "आजी... तुमचा नातू मला आवडतो."

"हे बाकी कळलं हो," आजी म्हणाली आणि तिनं युनशीच्या भरल्या वाडग्यात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.