त्रेचाळिसावं अक्षर

"तुमच्या मशीनला माझा पत्ता पसंत नाही."

तिनं खिडकीतून वर पाहिलं. आठवडाभर ऊन नव्हतं, ऑफिसातले दिवे भर दुपारी लावलेले. समोर एक वेल्डर उभा होता. बोटांवर ठिणग्यांचे बारीक डाग, हातात दमट हवेनं मऊ पडलेला कागद. दूरदेशीच्या नोकरीचा अर्ज त्यानं तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा तो परत आला होता. 'पत्त्यात न चालणारं अक्षर आहे.'

ते वाक्य तिचंच. अर्ज तपासणारं मशीनच्या प्रोग्राममधलं फंक्शनही तिनंच लिहिलेलं. मजकुरातलं एकेक अक्षर उचलायचं, चालणाऱ्या अक्षरांच्या यादीशी ताडून बघायचं, यादीबाहेरचं निघालं की अर्ज परत. नेमकं कुठलं अक्षर, हे सांगायची सोय करायला मात्र ती विसरली होती.

"शुक्रवारी मुदत संपतेय," तो म्हणाला. "जरा समजूत काढा ना त्याची."

"माझ्यावर गेलंय ते. हट्टी आहे."

"मग मला रोज यावं लागणार..."

"या की. कोण नको म्हणतंय?" बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

तो खरंच रोज आला. काम सुटल्यावर बाकावर बसायचा, ती दोन कप कॉफी घेऊन बाहेर यायची. चार महिन्यांपूर्वी त्याची आई गेली होती. घरात दोघंच असायची. "आता घर खायला उठतं," तो म्हणाला. "म्हणून दोन वर्षं लांब जातोय. इतकं कुणाशी बोललो नव्हतो... तुम्ही भेटेपर्यंत."

बुधवारी सकाळी तिला सापडलं. पत्त्यात डोळ्यांना अक्षरं बेचाळीस दिसत होती, फंक्शन त्रेचाळीस मोजत होतं. शेवटचं दिसतच नव्हतं. ते पुसलं की अर्ज जाणार होता. आणि तोही.

"सापडलं?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"नाही... अजून नाही."

कोपऱ्यापर्यंत दोघं एका छत्रीतून गेली. त्याचा खांदा भिजत होता, तिचा कोरडा. रात्री तिला घास गेला नाही.

गुरुवारी तो बाकावर बसायच्या आत ती खिडकीतूनच म्हणाली, "काल सकाळीच सापडलं होतं. मी खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

तिचे कान तापले.

"पत्ता कुठून घेतलात?" तिनं कसंबसं विचारलं.

"आईच्या जुन्या मेसेजमधून. ती पत्त्यापुढेसुद्धा लाल बदामाचं चित्र टाकायची. पुसला होता मी तो बदाम."

"बदाम गेला. त्याच्यामागची एक खूण राहिली. दिसत नाही, पण आहे."

तिनं वळवलेल्या मशीनच्या पडद्याकडे तो बघत राहिला. "पुसायलाच हवी?"

"जायचं असेल तर."

"तुम्हीच पुसा. माझ्यानं नाही व्हायचं." मग हळूच, "किंवा... राहा म्हणा. राहीन."

तिच्या ओठांवर आलं होतं ते. तिनं गिळलं.

"राहा नाही म्हणणार मी. घराला घाबरून माझ्याकडे आलात, तर उद्या मलाही घाबराल. जाऊन या. मग त्या घरात मला न्यावंसं वाटलं, तर बोलवा."

आणि तिनं बटण दाबलं. अर्ज गेला.

महिन्याभरानं, धुक्यातल्या सकाळी, तो बसच्या पायरीवर उभा होता.

"माझं तुमच्यावर—"

"आल्यावर सांगा."

"आल्यावर परत सांगेन. आत्ता ऐका... माझं प्रेम आहे तुमच्यावर."

तिनं त्याची डाग पडलेली बोटं क्षणभर घट्ट धरली. "माझंही," ती म्हणाली. मग दार लागलं.

नऊ वाजता तिनं खिडकी उघडली. रांगेतले पहिले आजोबा तिच्याकडे बघतच राहिले.

"बरं नाही का, पोरी?"

"सर्दी झालीय," ती म्हणाली आणि त्यांचा अर्ज हातात घेतला.