‘दिली’ म्हणायच्या आधी

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती, स्मशान घेतलं असतं. हे घडलं भर दुपारी, बैलगाड्यांनी गजबजलेल्या रस्त्यावर.

साल १८६४. महिना वैशाख. जागा अकोला-अमरावती रस्त्यावरचं बोरगाव मंजू. आणि ज्याच्यावर ही वेळ आली तो सहदेव, आमच्या खापरपणजोबांचा सख्खा भाऊ.

तेव्हा अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईचा भाव ज्याला आधी कळेल, तो राजा. म्हणून अकोल्याच्या काही अडत्यांनी अमरावतीपर्यंत स्वतःची डाक उभी केली होती. पंधरा दिवसांतून एकदा विलायतेची बोट मुंबईला लागायची, आणि मग दोन दिवस डाक घेऊन पळणाऱ्या हलकाऱ्यांचे हाल कुत्रा खात नसे. पहिल्या दिवशी भावाच्या चिठ्ठ्या घेऊन अमरावतीकडे पळायचं, दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन परत.

हलकाऱ्याच्या खांद्याला थैली आणि हातात घुंगरं बांधलेली काठी. दर तीन कोसांवर चौकी, चौकीवर पुढचा गडी तयार. थैली थांबून घ्यायची पद्धत नव्हती. घुंगरं ऐकू आली की पुढचा आधीच पळायला लागायचा आणि मागे न बघता उजवा हात मागे धरायचा. येणारा त्या हातावर थैलीचा पट्टा टाकायचा आणि म्हणायचा, “दिली.” पुढचा म्हणायचा, “घेतली.” मग मागचा वीस पावलांत थांबायचा.

‘दिली’ ऐकल्याशिवाय ‘घेतली’ म्हणायचं नाही, असा नियम होता. का, ते कोणी विचारत नसे.

सहदेवचा टप्पा बोरगावपासून काटेपूर्णा नदी ओलांडून पुढच्या चौकीपर्यंत. त्याची चाळिशी जवळ आली होती. चैत्रातल्या दोन दिवसांनी त्याचा पार जीव काढला. परतीच्या दिवशी नदीच्या वाळूत पोटऱ्यांत गोळे आले. तो अक्षरशः रांगत काठ चढला.

पुढच्या चौकीचा मुकादम नत्थुजी ते ऐकून दुसऱ्या दिवशी बोरगावला आला. तोंडाचा फाटका माणूस.

“सहदेवा, तुह्या पायात जीव नाई राह्यला,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “पुढच्या डाकीले उशीर केला, तं काठी ठेवजो अन् घरी जाजो.”

सहदेवला पळण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. काठी गेली की गावात तो कोणीच नव्हता.

घरी बायको पार्वताबाई पोटऱ्यांना करंजाचं तेल चोळत होती. तो खाटेवर पालथा पडला होता. तसाच पडल्या पडल्या त्याने नेम केला. आधी पाच दिवस पहाटे नांगरलेल्या काळ्या रानातून पळायचं. मग पायांना ओल्या वाळूच्या पिशव्या बांधून. आणि शेवटी एका दमात तीन नाही, सहा कोस. म्हणजे एकट्याने दोन टप्पे.

लोकांना आयती करमणूक झाली. “काय सहदेव, बैल बिमार हाये का? सोताच वावरात धावून राह्यला,” म्हणून हसायचे.

तो खाली मान घालून पळत राहिला. चौदाव्या दिवशी त्याने सहा कोस मारले. न थांबता.

पार्वताबाईचा धाकटा भाऊ जानराव पुढच्या चौकीवर हलकारा होता. बहिणीनेच लहानाचा मोठा केलेला. तो म्हणाला, “भाऊजी, तुमी तं आता मले घरीच बसवता.”

मग डाकीचा दिवस आला.

ऊन असं की पाखरूसुद्धा फांदीवर नव्हतं. सहदेव बोरगावच्या चौकीसमोर उभा होता. अकोल्याकडून मागच्या टप्प्याचा हलकारा गोवर्धन येणार होता.

…छन्. छन्. छन्.

सहदेव पळायला लागला. हात मागे धरला.

पट्टा तळहातावर पडला.

पण ‘दिली’ काही आलं नाही.

एरवी तो थांबला असता. पण आज त्याला एक क्षणही वाया घालवायचा नव्हता. गोवर्धनला दम लागला असेल, असं त्याने धरून घेतलं.

“घेतली,” तो म्हणाला आणि सुटला.

पट्टा खांद्यावर टेकला तेव्हा त्याला शहारा आला. पट्टा ओला होता. विहिरीतून आत्ताच वर काढलेल्या दोरासारखा गार.

वीस पावलं झाली. चाळीस झाली.

…मागची घुंगरं थांबली नव्हती.

“गोवर्धन, झालं ना बावा,” तो मागे न बघता म्हणाला. “जाय आता परत.”

घुंगरं वाजतच राहिली.

सहदेवने वेग वाढवला. घुंगरांनीही वाढवला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं… मागून फक्त घुंगरं ऐकू येत होती. पावलं वाजत नव्हती. धापही ऐकू येत नव्हती.

समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या. पहिल्या गाडीवर ओळखीचा खुशालराव होता. सहदेव जवळ येताच त्याचे बैल जू टाकायला लागले. खुशालरावाने सहदेवकडे पाहिलंच नाही. त्याने सहदेवच्या मागे पाहिलं. मग कासरा सोडून तो गाडीखाली शिरला.

सहदेवला भीती वाटली. लहान पोराला वाटते तशी.

नदी आली. पात्र कोरडं, नुसती वाळू. तो वाळू तुडवत पलीकडे गेला. पलीकडचा चढ वळणाचा होता, त्यामुळे मान न वळवता खालचं पात्र दिसायचं.

वाळूत एकाच माणसाची पावलं होती. त्याची स्वतःची.

…आणि घुंगरं वाळूवरून वाजत येत होती.

आता त्याला सगळं कळलं. जे मागे होतं ते गोवर्धन नव्हतं. त्याने न दिलेलं काहीतरी घेतलं होतं, आणि ते आता त्याच्यासोबत आलं होतं.

पुढची चौकी दिसली. जानराव पळायला लागला होता. उघडा हात मागे धरलेला.

हे नीट ऐका. सहदेवच्या अंगात तेव्हा दम होता. पुढचे तीन कोसही तो मारू शकला असता, त्याचसाठी त्याने पंधरा दिवस हाडं झिजवली होती. जानरावच्या बाजूने तो तसाच पुढे निघून जाऊ शकला असता.

त्याने पट्टा जानरावच्या हातावर टाकला.

“दिली.”

“घेतली,” जानराव म्हणाला. हसतच म्हणाला.

सहदेव थांबला. त्याच्या कानाला एक गार झुळूक घासून गेली… आणि घुंगरं जानरावच्या मागे लागली.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात नत्थुजीची थाप पाठीवर पडली. “वा रे गड्या. अर्धी घटका आधी आला. काठी तुहीच.”

सहदेवने तोंड मिटलं.

संध्याकाळी बोरगावहून माणूस आला. गोवर्धन बोरगावच्या चौकीपासून एक कोसावर, अकोल्याच्या बाजूला, बाभळीखाली मरून पडलेला सापडला होता. ऊन लागलं होतं. सहदेवने पट्टा घेतला त्याच्या आधीच जीव गेला असावा. डाकीची थैली त्याच्या अंगाखाली होती, सील जसंच्या तसं.

नत्थुजी सहदेवकडे वळला. “मंग तू कोन्ती थैली आनली?”

तिसऱ्या चौकीवरच्या गड्याने घुंगरं ऐकून हात मागे धरला होता. हातावर काही पडलं नाही. एक घुंगरू त्याच्या डावीकडून गेलं, एक उजवीकडून. त्याने समोर पाहिलं तेव्हा जानराव पुढे पळत होता. हाका मारल्या तरी तो थांबला नाही.

त्यानंतर जानराव घरी आला नाही. गाडीवान मात्र सांगायचे. कोणाला तो बडनेऱ्याजवळ दिसला, कोणाला अमरावतीच्या वेशीवर, कोणाला पुन्हा अकोल्याकडे येताना. दरवेळी पळताना.

सहदेवने नेम वाढवला. नऊ कोस, मग बारा. लोकांनी तोंडात बोटं घातली. जानरावला गाठून थैली परत घ्यायची, एवढाच त्याचा विचार होता. दोनदा पुढे घुंगरं ऐकू आली. तो जोरात पळाला की तीही जोरात पळायची.

तीन वर्षांत आगगाडी आली. डाक बंद झाली, सगळ्यांच्या काठ्या जमा झाल्या. रस्त्यावर कोणाकडे घुंगरू उरलं नाही.

त्या वैशाखात एका दुपारी सहदेवने बायकोला सगळं सांगितलं.

“देतानी तुमाले मालूम होतं?” तिने शेवटी विचारलं.

“हाव.”

“अन् दम?”

“होता.”

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला…

छन्. छन्.

दोघांनीही ऐकला.

“उठा,” पार्वताबाई म्हणाली.

“पार्वते, भर दुपार हाये.”

“माह्या भावाले बी दुपारच होती. उठा.”

तो उठला. अनवाणी, रिकाम्या हातांनी पळत गेला. ती दारात उभी राहून बघत होती.

दिवेलागणीला खुशालरावाची गाडी अंगणात येऊन थांबली. तो खाली उतरला नाही.

“नदीवर भेटले, बाई. तीन घुंगरं होते. म्या मोजले.”

“जानराव थांबला का?”

“कोनीच नाई थांबलं.”

सहदेव परत आला नाही. बोरगाव ते काटेपूर्णा हा रस्ता आता रुंद आणि डांबरी आहे, कामानिमित्त मी तिथून नेहमी जातो. दुपारची वेळ असेल, तर मी हात खिडकीबाहेर ठेवत नाही.