चोविसावी सुई

आठवडा ०.
डोणगाव. संघर्ष, वय सव्वीस. हिपॅटायटिस बी, जन्मापासून. आईकडून आलेला.
माझाही तसाच. हे मी त्याला सांगितलं नाही.
जुन्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, जन्मभर घ्याव्या लागतात. आम्ही ज्याची चाचणी घेत होतो ते नवं औषध त्याला मुळासकट काढणार होतं. दर आठवड्याला एक सुई, चोवीस आठवडे.
त्याची आई वच्छलाबाई दारात आडवी उभी. "पोराचं रक्त नेऊन इकता काय वो?"
प्रतिकूल परिणाम: नाही.

आठवडा ११.
विषाणू शंभरातला एक उरला. घरचं कुत्रं आधी माझ्यावर भुंकायचं. आता संघर्षवर.
"अंगाले दवाईचा वास येत असन," तो हसून म्हणाला.
प्रतिकूल परिणाम: नाही.

आठवडा २४.
विषाणू सापडला नाही. रिपोर्ट घेऊन गेले तर संघर्ष चौकातल्या पारावर बसलेला, दाढी वाढलेली.
"म्हातारी घरात घेत नाही मॅडम. चार दिस झाले."
दोघं गेलो. वच्छलाबाईंनी दार अर्धंच उघडलं. मी त्यांना वार विचारला, रेशनवाल्याचं नाव विचारलं. सगळं बरोबर.
"मग हा कोण?"
"मले काय माहीत? आई आई करत फिरून राह्यला गावात. माहा संघर्ष घरात जेऊन राह्यला."
ठेच्याचा वास आला. आत भिंतीशी ताट होतं. भाकरी मोडलेली. समोर कोणी नव्हतं.
"जा आता. नाही तं माणसं बोलावते."
प्रतिकूल परिणाम:

माझा आठवडा २३.
मीही तेच औषध घेत होते, चाचणीच्या दुसऱ्या केंद्रात. एक सुई उरली होती.
आठवीत माझा आणि आईचा रिपोर्ट आला, तेव्हा काकूंनी आमच्या दोघींचे पेले वेगळे केले. चुकून कोणी घेऊ नये म्हणून त्यांवर नावं कोरून आणली. पेल्यातून हा आजार पसरत नाही. मी सांगून थकले. पुढे दोन स्थळं रिपोर्ट पाहून परत गेली.
वच्छलाबाईंचं वय झालं, म्हातारपणी डोकं फिरतं. त्यात औषधाचा काय दोष?
सुई घेतली.

माझा आठवडा २४.
विषाणू सापडला नाही.
पेढे घेतले. जीपनं चिखली, आईकडे. दुपारचा एक.
आईनं साखळी न काढता दार उघडलं.
"आई, मी."
ती माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहत राहिली.
"दवाखान्याचे लोक कायले येता इथं?"
"आई, रिपोर्ट चांगला आला."
"आमाले नाही पाह्यजे तुमची दवाई. निंगा."
फटीतून स्वयंपाकघर दिसत होतं. दोन ताटं वाढलेली. एकाशेजारी माझा पेला. नाव इकडे तोंड करून.
आईनं मान वळवली. आवाज एकदम मऊ झाला.
"जेव, अर्पिता. कोनी नाही."
दार लागलं.
आत कोणीतरी पेला खाली ठेवला.