गोरक्षनानांचा ठसा

दिंडोरीच्या एका द्राक्षबागाईतदाराच्या गोठ्यात ती मॉरिस गाडी उभी होती. उभी तरी कसली, चार विटांवर टेकली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. ओझरच्या विमान कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गोरक्षनाना ती बघायला गेले ते साल १९८६, आणि सोबत त्यांची बारा वर्षांची लेक योगिनी. नानांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. योगिनीनं मात्र कोंबडी हाकलली, सीटवर बसकण मारली आणि जाहीर केलं, "नाना, जुन्या गाड्यांच्या रॅलीत मी तुमच्या शेजारी बसणार. रस्त्याचा चार्ट मी वाचणार." झालं! बाप तिथंच पाघळला. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली, गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत नानांच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरली, आणि पुढची बारा वर्षं तिथून हलली नाही.

कारण पार्ट. १९३७ सालच्या विलायती गाडीचे पार्ट काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात होय? दुसऱ्या गाडीचा पार्ट घासून-ठोकून बसवणारे मिस्त्री नाशकात पैशाला पासरी होते, पण नानांच्या समोर तसं नुसतं म्हणून बघावं. माणूस कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी विभागात होता. तिथं प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा ठसा असतो. पार्ट तपासायचा, पास असेल तर ठसा मारायचा. एकदा ठसा पडला की पुढं तो पार्ट कुणी परत तपासत नाही, थेट बसवतात. "माझा ठसा पडला म्हणजे माझा शब्द पडला," असं नाना म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याचा ठसा जमा करावा लागला. मग या माणसानं घरीच पोलादाचा एक नवा बनवला. गोलात 'गो' आणि शेजारी बदलता येणारे महिना-सालाचे आकडे. बनवताना कानस सटकली आणि गोलाला उजवीकडे बारीकशी खाच पडली, तिचा नानांना फार राग यायचा.

ही ठशाची सवय कारखान्यातच ठेवली असती तर बरं झालं असतं. पण योगिनीनं कॉलेजातल्या मयूरशी लग्न ठरवलं, तो आपल्यातला नव्हता, आणि नाना म्हणाले, "मी हे पास केलेलं नाही." लेकीच्या लग्नाला हे शब्द! ती कोर्टात लग्न करून पुण्याला निघून गेली. चार वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. आई, म्हणजे आशाकाकू, चोरून फोन करायच्या आणि नाना शेडमध्ये जाऊन ऐकू येत नसल्याचं सोंग करायचे.

९८च्या दिवाळीत आशाकाकूंनी एकदम रिसीव्हर नानांच्या कानालाच लावला.

पलीकडून योगिनी म्हणाली, "गाडी झाली का हो, नाना?"

गाडी निम्मीसुद्धा झाली नव्हती. "झालीच," नाना म्हणाले. "किरकोळ दोन-तीन पार्ट राहिलेत."

"मग जानेवारीच्या रॅलीला येते मी. चार्ट मी वाचणार, ठरलं होतं आपलं."

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं जिवाचं रान केलं. गाडी झाली तर लेक येणार, नाही झाली तर परत चार वर्षं, कदाचित कायमचंच. एवढा साधा हिशोब होता आणि नाना तो स्वतःला रोज सांगत होते.

आणि गंमत बघा, बारा वर्षं न मिळालेले पार्ट आता मिळायला लागले. पुढच्या दिव्याची कडी भद्रकालीतल्या जुन्या बाजारात एका पोत्यात सापडली. घरी आणून घासली तर मागच्या बाजूला गोलात 'गो' असं काहीसं दिसलं. असेल कुणी गोविंद नाहीतर गोपाळ, म्हणून नानांनी सोडून दिलं.

ब्रेकचा ड्रम येवल्यात मिळाला. धोंडाबाई नावाच्या पैठणी विणणाऱ्या बाईच्या घरात तो मागाला वजन म्हणून दोरीनं टांगला होता. नानांनी बदल्यात तेवढ्याच वजनाचा दगडी पाटा दिला, तेव्हा बाई हसायला लागली. "न्या बाबा. माझ्या सासूच्या आधीपासून लटकलंय ते."

एसटीत मांडीवर ड्रम घेऊन नाना बसले होते. निफाड गेलं तेव्हा ऊन खिडकीतून ड्रमवर पडलं आणि आतल्या कडेला ठसा दिसला. गोलात 'गो'. गोलाला उजवीकडे खाच. शेजारी २/९९.

तेव्हा नोव्हेंबर ९८ चालू होता.

नानांनी घरी येताच ठशांचा डबा उघडला. ठसा जागेवर होता, कुलूप शाबूत होतं. शिशाच्या पत्र्यावर मारून त्यांनी भिंगातून दोन्ही खुणा पाहिल्या. खाच तीच. मग कारखान्यातला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं, कारणं शोधली. कुणीतरी डुप्लिकेट केला असेल. २/९९ हा कुठल्यातरी मालाचा नंबर असेल. रात्री जेवताना आशाकाकूंना मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, आणि भात तसाच ठेवून उठले.

आता राहिला शेवटचा पार्ट, स्टिअरिंगचा आर्म. वीतभर लोखंड असतं ते. चाक फिरवलं की हा आर्म हलतो आणि पुढची चाकं वळतात. तोच नसेल तर गाडी म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू. मुंबई झाली, मालेगाव झालं, जानेवारी निम्मा संपला. शेवटी कुणीतरी चांदवडच्या अलीकडे आग्रा रोडला फकिराचं भंगार बघा म्हणून सांगितलं.

फकिरा पन्नाशीचा, तोंडात तंबाखू. नानांना फाटकात बघताच तो उठला आणि काही न विचारता आतल्या फळीवरून काळपट आर्म काढून त्यांच्या हातात ठेवला.

"मी अजून काय पाहिजे ते बोललो नाही," नाना म्हणाले.

"हाच नेणार ना? तुमचाच हाय. तुम्हीच तर टाकून गेले व्हते."

"मी? मी पहिल्यांदा येतोय इथं."

फकिरानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "माझा बाप बसायचा गादीवर तवा. मी लय ल्हान व्हतो. तुम्ही असेच, हेच पांढरे केस. दुपारचे आले, एक शब्द बोलले नाय. फळीवर ठेवला अन् गेले." मग तो ओशाळून हसला. "दुसरं कोनी असंल, नाना. तुम्ही न्या."

आर्मवर ठसा होता. गो २/९९.

नानांना तो पार्ट तिथंच टाकून पळावंसं वाटलं. पण परवावर रॅली आली होती, आणि पुण्याहून योगिनी निघाली होती.

ती आली ती थेट शेडमध्येच. गाडीला एक चक्कर मारली, मडगार्डवर बसली आणि आईनं आणून दिलेला चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायली. चार वर्षं मधून कुणीतरी कापून काढावीत तसं झालं. आशाकाकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या आणि वर, "सोफ्यावर बस की मेले, कपडे घाण होतील," असं ओरडत होत्या.

नानांनी ट्रेमध्ये रॉकेल ओतून ठेवलं होतं, शेजारी खडूची भुकटी. पार्ट रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, भुकटी लावायची. कुठं तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ होऊन उमटतं. त्यांनी आर्म हातात घेतला.

"आता काय राहिलं?" योगिनीनं विचारलं.

"तपासतोय."

तिनं तो त्यांच्या हातातून घेऊन उलटा केला. "ठसा तर आहे की तुमचा."

नानांनी आर्म परत घ्यायला हात पुढं केला.

"नाना," तिचा आवाज बदलला, "नसेल यायचं तर आत्ताच सांगा. मयूर म्हणालाच होता, ऐन वेळी तुझे वडील काहीतरी खुसपट काढतील. मला परत तसं तोंड घेऊन जायचं नाहीये."

तो ठसा मी मारलेला नाही, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण लेकीला काय सांगणार, की पुढच्या महिन्याचा ठसा आहे? आणि खरं सांगायचं तर बत्तीस वर्षांची सवय आड आली. ठसा पडलेला पार्ट परत तपासायचा, तोही स्वतःच्या ठशाचा? त्यांच्या पास केलेल्या मालात कधी एक तडा निघाला नव्हता.

"झालंय तपासून," नाना म्हणाले आणि त्यांनी आर्म बसवला.

चोवीस जानेवारी, रविवार. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी सात वाजता तीसेक जुन्या गाड्या धूर सोडत उभ्या होत्या. मॉरिस एका हँडलला सुरू झाली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. योगिनीनं डोक्याला स्कार्फ बांधला, मांडीवर चार्ट घेतला आणि शिक्षिकेच्या थाटात वाचायला लागली. "पेठ नाक्याला उजवीकडे. वेग तीस. तीसच हं, नाना!"

म्हसरूळ मागं पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या, औषधाच्या फवाऱ्याचा वास आला. थंडीनं नानांची बोटं आखडली होती, पण ते इतके आनंदात होते की त्यांनी शिट्टीसुद्धा वाजवली. योगिनी म्हणाली, "मयूरला पुढच्या खेपेला आणू का?"

"आण," नाना म्हणाले. "पास आहे तो."

ती जोरात हसली. मग चार्टवर बोट ठेवून म्हणाली, "आता उतार. मग डावं वळण."

नानांनी चाक डावीकडे वळवलं.

चाक हलकं लागलं. फार हलकं.

ते फिरत राहिलं आणि गाडी सरळ गेली.

बागेच्या कडेला लोखंडी अँगलचे खांब होते. गाडीचा वेग तीसच होता. नानांच्या कपाळाला चार टाके पडले. योगिनीच्या बाजूचा खांब काचेतून आत आला होता.

मयूर आला, तिचा देह पुण्याला घेऊन गेला.

फेब्रुवारी लागला. गाडी परत शेडमध्ये आली होती. नाना तिचा एकेक पार्ट सोडवत होते, साफ करत होते, तपासत होते, ठसा मारून फळीवर ठेवत होते. गो २/९९. दुसरं काय करायचं ते त्यांना येत नव्हतं. दिव्याच्या कडीवर आणि ड्रमवर ठसा आधीच होता, तिथं परत मारावा लागला नाही. आशाकाकू जेवणाचं ताट शेडच्या दाराशी ठेवून जायच्या. कधी तिथंच बसून रडायच्या.

आर्मचे दोन तुकडे त्यांनी सगळ्यात शेवटी हातात घेतले. रॉकेलमध्ये टाकले. बाहेर काढून पुसले.

तुटलेल्या तोंडावर पितळ चमकलं. आर्म पूर्वी कधीतरी तुटला होता आणि कुणीतरी पितळेनं जोडला होता.

नानांनी भिंग लावलं.

त्या जोडाखाली आणखी एक जोड होता. त्याखाली आणखी एक. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, एकावर एक. त्यांनी सुईच्या टोकानं मोजले. सात होते.

सातही एकाच हाताचे. प्रत्येक जोडाच्या शेवटी पितळ किंचित डावीकडे ओढायची सवय त्या हाताला होती. ती सवय कुणाची, ते नानांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सगळ्यात खालचा जोड ओबडधोबड होता, रडत केल्यासारखा. वरचा त्याहून बरा. त्याच्या वरचा आणखी बरा.

हे तुकडे गंगापूर धरणात फेकून द्यावेत, हा विचार त्यांच्या मनात आला. आलाच. आर्म फकिराच्या फळीवर सापडला नाही तर गाडी होणार नाही. गाडी झाली नाही तर योगिनी येणार नाही. पुण्यात राहील, जिवंत राहील, आणि या बापाचं तोंड कधी बघणार नाही.

नाना तुकडे घेऊन उठले. मडगार्डवर, ती बसली होती तिथं, चहाचा गोल डाग अजून होता.

मग त्यांनी सातवा जोड परत भिंगाखाली धरला. वाईट नव्हता. फक्त कडेला थोडी घाई झाली होती. तेवढी जागा नीट भरली, थंड होऊ द्यायला वेळ दिला, तर टिकायला काय हरकत होती?

त्यांनी दोन्ही तुकडे शिकंज्यात पकडले आणि गॅस पेटवला.

आवाज ऐकून आशाकाकू दाराशी आल्या. "आता काय करताय?"

"उद्या सकाळच्या एसटीनं चांदवडकडं जाऊन येतो."

"कशाला? परत काही आणायचंय?"

"आणायचं नाही," नाना म्हणाले. "ठेवायचंय."

आणि त्यांनी चष्मा पुसून ज्योत बारीक केली.