मांडीवरची पट्टी

त्या वॉर्डातल्या सगळ्याच नर्सेस मांडीवर पट्टी चिकटवत. जखम बांधायची पांढरी कागदी चिकटपट्टी, वीतभर लांब, पँटवर गुडघ्याच्या वर उभी लावलेली. नाडी, रक्तदाब, कुणाला किती वाजता काय दिलं, हे सगळं पेनाने तिच्यावर टिपायचं आणि सवड मिळाली की संगणकात चढवायचं. पाळी संपली की पट्टी ओढून काढायची, चुरगाळायची, टोपलीत टाकायची. कॉलेजात हे कुणी शिकवलेलं नसतं. ब्रिटा ओजाला ही नवी नर्स पहिल्या दिवशी कोरी मांडी घेऊन आली, तेव्हा ज्युडी प्रिमोझिच तिला म्हणाली होती, "पोरी, तुझा मेंदू घरी विसरलीस की काय?" आणि स्वतःच्या रोलमधून एक तुकडा तोडून तिला दिला होता.

ज्युडी एकतीस वर्षं त्या वॉर्डात होती आणि बारा वर्षं युनियनची प्रतिनिधी. ब्रिटाला एकाहत्तर दिवस झाले होते. नव्वद दिवस भरेपर्यंत नव्या नर्सला कारण न देताही काढता येतं. तिच्या बाबतीत तर कारण होतं.

उत्तर मिनेसोटातलं ते खाणीचं गाव. इस्पितळ टेकडीवर आणि खालच्या बाजूला लोखंडाची उघडी खाण, लाल, पायऱ्यापायऱ्यांची. तिथे रोज दुपारी तीनला सुरुंगाचा बार उडतो. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पेल्यातलं पाणी हलतं. गावातली माणसं त्यावर घड्याळ लावतात.

घडलं ते शुक्रवारी. चार नंबरच्या खोलीत आर्व्हिड सुंडबर्ग म्हणून खाणीतून निवृत्त झालेले ट्रकचालक होते. ब्रिटा जेवायला निघाली होती. कॉरिडॉरच्या टोकाशी थांबली आणि परत फिरली. का, ते तिला आजही सांगता येत नव्हतं. तीन वाजून तीन मिनिटांनी ती खोलीत शिरली. सुंडबर्ग म्हणाले, "कॉफी आणलीस का? कालच्यासारखं गढूळ पाणी नको हं." एवढं बोलून त्यांची मान एका बाजूला गेली.

तिने भिंतीवरचं आणीबाणीचं निळं बटण दाबलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. ज्युडी धावत आली, तातडीची ट्रॉली आली. खाणीचा बार त्या दिवशी वाऱ्यामुळे उशिरा, तीन वाजून पाच मिनिटांनी उडाला. विजेचा एक झटका दिला. तीन अकराला नाडी परत आली. सुंडबर्ग वाचले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा कॉफी मागितली.

सगळं आवरल्यावर ब्रिटाने मांडीकडे पाहिलं. पट्टीवर नऊ ओळी होत्या. '३:०३ खोली ४, नाडी नाही, दाबायला सुरुवात' इथपासून '३:११ नाडी आली' इथपर्यंत. मधे '३:०५ बार' असंही होतं. अक्षर तिचंच होतं. तिच्या आजीसारखी ती साताला आडवी रेघ मारते, ती रेघसुद्धा होती. घाईत आपणच लिहिलं असणार, असं ती धरून चालली आणि ओळी संगणकात चढवल्या. पट्टी तिने ज्युडीच्या सांगण्यावरून कागदांना जोडली.

सोमवारी तिला निलंबनाचं पत्र मिळालं. प्रत्येक आणीबाणीनंतर कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तपासतात. दोन एकोणसाठच्या चित्रात ब्रिटा टोकाशी उभी होती, हातात डबा, आणि तिच्या मांडीवरच्या पट्टीवर नऊ ओळी होत्या. अक्षरं लागत नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या.

आरोप होता: नोंदी आधीच लिहून ठेवणे.

नर्सच्या धंद्यात याहून घाणेरडा शब्द नाही. आणि थोडंफार सगळ्याच करतात. श्वास मिनिटभर मोजायचे असतात. कोणी मोजत नाही. सगळे सरसकट 'सोळा' हा निरोगी माणसाचा आकडा लिहितात. ब्रिटाही लिहायची. चार वाजताची नाडी तिने एकदा साडेतीनलाच चढवली होती. पण माणसाचं हृदय बंद पडल्याची नोंद चार मिनिटं आधी? ज्याने ती लिहिली, त्याला ते बंद पडणार हे ठाऊक असलं पाहिजे. मग कसं ठाऊक होतं, हा पुढचा प्रश्न. परवाना जाणं ही त्यातली सगळ्यात सौम्य शक्यता होती.

ज्युडीने फोन केला. "सगळी घड्याळं तपासून घेतली मी. मॉनिटरचं, भिंतीवरचं, कॅमेऱ्याचं. दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही."

"मग?"

"मग काय? तूच सांग." मग तिने आवाज खाली आणला. "एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही, पोरी. मी आले तेव्हा तुझे दोन्ही हात त्यांच्या छातीवर होते. नाडी येईपर्यंत तिथेच होते. पेन तुझ्या खिशात होतं, टोपण लावलेलं."

ब्रिटाने जीवरसायन शिकलं होतं. कोडं सुटत नसेल तर प्रयोग करावा, हे तिच्या अंगात होतं. मंगळवारी तिने घरी जीन्सवर कोरी पट्टी चिकटवली आणि दर तासाला पाहून वहीत टिपलं. नऊ वाजता कोरी. दहाला कोरी. मंगळवार कोरा गेला. रात्री तिने पेनं सगळी खणात ठेवून कुलूप लावलं आणि स्वतःला हसली.

बुधवारी सकाळी तिने मांस-बटाट्याची पेस्टी भट्टीत ठेवली. भांडी धुताना सहज खाली नजर गेली.

'१०:२६ पेस्टी करपली.'

घड्याळात दहा बावीस झाले होते. हात साबणाने ओले होते.

तिने हात न पुसताच भट्टी बंद केली आणि पेस्टी बाहेर काढली. वरून छान सोनेरी होती. ती खुर्चीवर बसून राहिली. दहा पंचवीस. दहा सव्वीस. काही झालं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे चुकतं. म्हणजे बदलता येतं.

तिने सुरीने पेस्टी कापली. तळ कोळशासारखा काळा होता.

भट्टीची खालची कॉइल जुनी आहे, ती जास्त तापते, असं तिने वहीत लिहिलं. ते खरंही होतं.

गुरुवारी तीनला चौकशीची बैठक होती. पट्टी तिने सोलून कचऱ्यात टाकली, रोल शेजाऱ्यांच्या टोपलीत नेऊन टाकला आणि काळी साधी पँट घातली. ज्युडी दाराशी वाट पाहत होती.

"विचारतील तेवढंच बोलायचं. फार शहाणपणा करू नकोस. आणि चेहरा असा करू नकोस, जणू मर्तिकाला आलीस."

वॉर्डप्रमुख लोरेन कांगस यांची खोली वॉर्डाच्या तोंडाशीच होती. लोरेन पन्नाशीच्या, उंच, आवाज कधी न चढवणाऱ्या. ब्रिटाला नोकरीवर त्यांनीच घेतलं होतं. शेजारी इस्पितळाच्या कर्मचारी विभागाचे मिस्टर व्हिटकम, समोर फाइल. फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात ती पट्टी होती.

तीनला बार उडाला. काचा थरथरल्या. चौघांनीही सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

"मिस ओजाला," व्हिटकम म्हणाले, "ही पट्टी आपलीच ना?"

"हो."

"अक्षर?"

"माझंच."

"मग कधी लिहिलंत?"

"मला आठवत नाही."

"आठवत नाही," त्यांनी लिहून घेतलं.

"आणीबाणीत कोणाला काय आठवतं हो?" ज्युडी म्हणाली. "मिस्टर व्हिटकम, तुम्ही कधी कुणाच्या फासळ्या मोडल्यात? हाताखाली कडकन वाजतात. मग बघू तुम्हाला काय आठवतं."

"ज्युडी," लोरेन हळूच म्हणाल्या. त्यांनी डाव्या जबड्यावरून हात फिरवला. "ब्रिटा, मला तुला काढायचं नाहीये. पण मला खरं सांग. त्या माणसाला काही होणार हे तुला आधी कशावरून कळलं? काही दिसलं होतं? औषधात चूक झाली होती? चूक असेल तर चूक म्हण. चुकीतून मी तुला वाचवू शकते."

तिथे एक दार उघडं होतं. 'हो, चूक झाली' म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. ब्रिटाने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि टेबलाखाली तिच्या हाताला कागदाची कड लागली.

तिने खाली पाहिलं नाही. आधी बोटांनी चाचपलं. उभी, वीतभर, गुडघ्याच्या वर. खालचं टोक दुमडून चिकटलेलं.

मग पाहिलं.

'३:१७ कांगस, नाडी नाही, दाबायला सुरुवात.'

भिंतीवर तीन तेरा झाले होते.

"मिस ओजाला?"

काहीच न बोलता बसून राहिलं तर कोणी तिला दोष देणार नव्हतं. बोललं तर तिच्या मांडीवर, चौघांदेखत, दुसरा पुरावा होता.

"लोरेन," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "जबडा कधीपासून दुखतोय तुमचा?"

"दाढ आहे. सोमवारपासून. त्याचा इथे काय संबंध?"

"घाम येतोय तुम्हाला."

"विषय बदलू नका," व्हिटकम म्हणाले.

पण ज्युडीने मान वळवून लोरेनकडे पाहिलं. एकतीस वर्षांची नजर होती ती.

ब्रिटा उठली. दार उघडलं. कॉरिडॉरमध्ये दोन नंबरच्या खोलीबाहेर निळं बटण होतं. तिथे जाईपर्यंत तिने सोळा पावलं मोजली. तीन पंधराला तिने बटण दाबलं.

धावपळ झाली. ट्रॉली आली, डॉक्टर आले, दोन नर्सेस आल्या आणि लोरेनच्या दारात थबकल्या. लोरेन टेबलामागे उभ्या होत्या, पांढऱ्याफटक, रागाने.

"हे काय चाललंय? ब्रिटा, तुला कळतंय का तू काय केलंस? आता मलासुद्धा तुला—"

वाक्य तिथेच राहिलं.

तीन सतरा.

ज्युडीने त्यांना डोकं आपटायच्या आत धरलं. ब्रिटा गुडघ्यांवर बसली आणि दाबू लागली. एक, दोन, तीन, चार. ट्रॉली हाताच्या अंतरावर होती. झटका दिला. पुन्हा दाबलं. पुन्हा झटका.

तीन चोवीस. नाडी.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणी तरी हसलं. व्हिटकम भिंतीला पाठ लावून उभे होते, फाइल छातीशी धरून. त्यांचं पेन खाली पडलं होतं आणि ते उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"जबडा, घाम," ज्युडी फटकन म्हणाली. "नर्स आहे ती. तेच तर तिचं काम. लिहा हे तुमच्या फाइलमध्ये."

डुलुथच्या मोठ्या इस्पितळातून हेलिकॉप्टर निघालं होतं, पण वारा होता, वेळ लागणार होता. लोरेनना तिथेच स्ट्रेचरवर घेतलं. तीन छत्तीसला त्यांनी डोळे उघडले. ब्रिटाला पाहिलं. ओठ हलले. ब्रिटा वाकली.

"निलंबन... रद्द," लोरेन पुटपुटल्या, आणि त्यांना हसू आलं. "दाढ नव्हती तर."

ज्युडीने डोळे पुसले. "बघ, मरता मरता पण हिला कागदपत्रांचीच पडलेली." मग तिने चष्मा लावला, नोंदीचा कागद घेतला. "वेळा सांग गं पोरी. टिपल्यास ना?"

ज्युडीची नजर ब्रिटाच्या मांडीकडे गेली. तिथली पट्टी तिने पाहिली, आणि चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यात कोणी उरलं नाही. तिने खाली वाकून नखाने पट्टीचं दुमडलेलं टोक हळूच उलगडलं.

'३:१९ झटका.'

'३:२४ नाडी आली.'

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. सातावरच्या रेघेसारखीच स्थिर, नीट अक्षरं.

'३:४१ नाडी नाही.'

'४:०८ दाबणं थांबवलं.'

दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. तीन सदतीस.

"ज्युडी," स्ट्रेचरवरून लोरेन म्हणाल्या, "मला पाणी मिळेल का थोडं?"

ज्युडी पाणी आणायला गेली नाही. तिने ट्रॉली पुन्हा स्ट्रेचरला चिकटवली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

ब्रिटाने लोरेनचं मनगट हातात घेतलं. कातडी गरम होती. नाडी स्पष्ट, भरलेली, एकसारखी लागत होती. तिने सेकंदकाट्यावर डोळे ठेवले, दुसरा हात त्यांच्या छातीवर टेकवला आणि श्वास मोजायला सुरुवात केली, पूर्ण मिनिटभर.

बरोबर सोळा भरले.