आतली भिंत

"कासियानकडे जायला डावीकडे वळू की उजवीकडे?"

गुरांचा नवा डॉक्टर माझ्या अंगणात उभा होता... गाडीचं नाक आमच्या गवताच्या गंजीत खुपसून! वरून एप्रिलचा बर्फमिसळ पाऊस, आणि मी गुडघाभर शेणात.

"कुणाच्या डावीकडे?"

"म्हणजे... माझ्या."

"तू फिरलास की तुझं डावंही फिरणार! कासियानचं घर आतल्या अंगाला, सावलीच्या बाजूला. सोपं आहे की!"

"तुम्ही आत म्हणता, ते कशाच्या आत?"

"दरीच्या! नदी येते ती आतून, जाते ती बाहेर. आणि वर डोंगरात आम्ही कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही."

मी बुर्गल, आणि त्याचं नाव एन्नो. उत्तरेकडच्या सपाट समुद्रकाठचा... तिथे म्हणे नदीलासुद्धा कुठे जावं ते समजत नाही. डोळे मात्र... जाऊ दे. तो मान हलवून निघाला आणि बरोब्बर बाहेरच्या अंगाला वळला. मी कपाळावर हात मारून घेतला.

उन्हाळाभर हेच. एकदा खानावळीत समोरासमोर बसलो होतो. म्हटलं, "एन्नो, तुझ्या बाहेरच्या गालाला लोणी लागलंय." त्यानं आतला गाल पुसला. "बाहेरचा रे!" तर हा खुर्चीसकट उलटा फिरून बसला. आता लोणी आतल्या गालावर आलं, हे त्याला कोण सांगणार? शेवटी मीच अंगठ्यानं पुसलं. तो हललाच नाही.

"आणखी कुठे लागलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"डोक्याला," मी म्हणाले. पण कान असे तापले की विचारू नका.

सप्टेंबरात कासियानची गाय अडली, आणि धुक्यात रस्ता चुकून तो तिथे उशिरा पोचला. वासरू दगावलं. एन्नोनं तीन दिवस गोठ्यात बसून गाय वाचवली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. त्याला ठेवायचं की पाठवायचं, हे रविवारी प्रार्थनेनंतर गुरंवाल्यांच्या सभेत ठरणार होतं. मी आठवडाभर त्याच्यासाठी घरोघर भांडले. मला तो हवा होता. पण हे त्याला सांगायला माझं तोंड उघडेल तर शपथ!

सभा दूधसंघाच्या तळघरात भरते. आमच्यात हात वर करत नाहीत. ज्यांचा होकार, ते आतल्या भिंतीशी जाऊन उभे राहतात. नकारवाले बाहेरच्या.

सगळ्यांत आधी मी उठून आतल्या भिंतीला गेले. मागोमाग बाबा. मग एकेक करत सगळे, आणि शेवटी, नाक वर करून, कासियान! बाहेरच्या भिंतीशी चिटपाखरू नव्हतं. मी डोळे पुसत एन्नोकडे पाहिलं, तर तो पांढराफटक. त्यानं दवाखान्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, "समजलं... आभारी आहे," म्हणाला आणि जिना चढून निघून गेला.

"ह्याला काय झालं?" बाबा म्हणाले.

तळघर. खिडकी नाही, डोंगर दिसत नाही, नदी ऐकू येत नाही...

"अरे देवा! ह्याला भिंतच कळली नाही!"

मी धावले. तो गाडीत बसला होता. मी काचेवर थापा मारल्या.

"उतर खाली!"

"राहू दे, बुर्गल. सगळे एकाच बाजूला गेले, पाहिलं मी. निदान तू तरी... तू तर सगळ्यांत आधी उठलीस."

"उठले! आतल्या भिंतीला उठले, बावळटा! सगळे तुला ठेवायलाच उठले!"

त्यानं तळघराच्या दाराकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, बोट हवेत फिरवलं. "ती... आतली होती?"

"विचारायला काय झालं होतं? सहा महिने मी घसा कोरडा करतेय, आणि तू न विचारता चालता होतोस? मला टाकून?" मी गाडीचं दार ओढून उघडलं. "मला तू इथे हवा आहेस. डॉक्टर म्हणून नाही... म्हणजे डॉक्टर म्हणूनही. पण मला... माझ्यासाठी!"

"जरा मोठ्यानं बोल गं," मागून कासियान ओरडला. "आम्हाला ऐकू येत नाही!" सगळी सभा जिना चढून वर आली होती.

एन्नो उतरला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, गाडी मघापासून सुरूच होती.

"मग गेला का नाहीस?"

"जाववेना," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "तुला सोडून कुठे जायचं, तेच कळेना."

मी त्याची कॉलर धरली आणि सगळ्या दरीदेखत त्याचा मुका घेतला.