थेंबूने न विचारलेला प्रश्न

डॉ. पद्माकर मगदुमांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. तसे ते या बाबतीत फार काटेकोर. विमा कंपनीच्या छापील शुभेच्छापत्रालाही ते आभाराच्या चार ओळी लिहीत. पण दोन वर्षांपूर्वी अचलपूरहून आलेलं, वहीचं पान फाडून लिहिलेलं ते पत्र शब्दकोशात दडपलं होतं ते तसंच राहिलं.

पत्र असं होतं:

‘थेंबू बनवणारे आजोबा यांना सा. न. मी उन्नती डोंगरे, इयत्ता सहावी. मला स्नायुदाह आहे. माझ्या गोळ्या कमी कमी होत आल्या होत्या. दिवाळीत मी एकटीने सिंधुदुर्ग केला, खऱ्या पाण्यासकट. मग मांड्या फार दुखल्या. थेंबूने लाल दिवा लावला आणि गोळ्या परत वाढल्या. माझा प्रश्न असा, की थेंबू कधी चुकतो का? खरं सांगा. मी रागावणार नाही.’

त्या शेवटच्या वाक्याने आजोबांची पंचाईत केली होती. कुणी रागावलं असतं तर माफी मागता आली असती. हिला खरं हवं होतं आणि खरं त्यांना ठाऊक नव्हतं. चार मसुदे लिहिले, चारही फाडले. मग दिवस गेले, आणि इतक्या उशिरा काय लिहायचं, अशी लाजही त्यात मिसळली.

थेंबू म्हणजे लिंबाएवढं पिवळं यंत्र. बोटाला टेकवलं, की डास चावल्यासारखं करून रक्ताचा एक थेंब घ्यायचं आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावायचं. स्नायुदाह (शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच स्नायूंवर तुटून पडतात आणि ते सुजतात, असा आजार) झालेल्या मुलांसाठी आजोबांनी तो बनवला होता. २०६१ साली राज्यातल्या अशा जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरी थेंबू होता.

आजोबांच्या मिरजेच्या घरातही होता. कारण त्यांची अकरा वर्षांची नात, शलाका. दैव बघा, ज्या आजारासाठी आजोबांनी यंत्र केलं, तोच आजार चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्याच घरी येऊन बसला होता.

नरकचतुर्दशीच्या सकाळी शलाका उटणं लावून घ्यायला पाटावर बसायला गेली आणि अर्ध्यातच अडकली.

“आई गं! मांड्या!”

तिची आई, पल्लवी, हातातली उटण्याची वाटी तशीच ठेवून थेंबू घेऊन आली. क्षणभर यंत्र गुणगुणलं.

“नमस्कार शलाका,” थेंबू म्हणाला. “लाल. आजार उलटल्याची शक्यता त्र्याण्णव टक्के. कृपया घाबरू नये.”

“लाल म्हणतोस आणि वर घाबरू नको म्हणतोस?” शलाका म्हणाली. “शहाणाच आहेस.”

पण तिचा आवाज चिरकला होता. लाल दिव्याचा अर्थ तिला पाठ होता. स्टिरॉइडच्या गोळ्या (सूज दाबून टाकणारं औषध) वीस मिलिग्रॅमवरून उतरत उतरत चारवर आल्या होत्या. लाल दिवा म्हणजे चारवरून थेट दहा. म्हणजे पुन्हा सहा-सात महिने. पुन्हा तो फुगलेला चेहरा. मागच्या वर्षी वर्गातल्या एकाने तिला ‘रव्याचा लाडू’ म्हटलं होतं, आणि त्या दिवाळीत तिने लाडवाला हात लावला नव्हता.

“अण्णा, मी डॉक्टरांना फोन लावते,” पल्लवी म्हणाली. “आजपासूनच वाढवूया. उगाच विषाची परीक्षा नको.”

“हो, फोन लावच,” आजोबा म्हणाले. “पण त्यांनी सांगितल्याशिवाय गोळी वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही.”

“मग मी गोळ्याच बंद करते!” शलाका उसळली. “एकदाच काय ते होऊ दे!”

“ते तर सगळ्यात वाईट.” आजोबा तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. “हे बघ. या गोळीत जे असतं ना, त्याच्यासारखाच एक पदार्थ आपलं शरीर रोज बनवतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या बनवतात. आता समज, नाशिकची आत्या आपल्याकडे वर्षभर राहिली आणि रोज तीच स्वयंपाक करू लागली, तर तुझ्या आईचं काय होईल?”

“आई दुसऱ्या दिवसापासून गॅस पेटवायची विसरेल.”

“ऐकतेय हं मी,” फोन कानाला लावलेली पल्लवी म्हणाली.

“तसंच त्या ग्रंथींचं होतं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर त्या काम सोडतात. आत्या एका दिवसात निघून गेली, तर घर उपाशी. गळून जायला होतं, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आत्याने आधी एक वेळचा स्वयंपाक सोडायचा, मग नुसती भाजी करायची, मग नुसती कोशिंबीर. तुझी आत्या आता कोशिंबिरीवर आली आहे.”

शलाकाला हसू आलं, पण टिकलं नाही. “आणि आता ती परत सगळा स्वयंपाक करणार. या थेंबूमुळे.” तिने यंत्राकडे रागाने पाहिलं. “ए, तुला माहीत तरी आहे का, मी दोन दिवस काय करत होते?”

“मला रक्त कळतं,” थेंबू म्हणाला. “इतर विषय माझ्या कक्षेबाहेर आहेत.”

“मी राजगड करत होते! सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकिडवी बसून! आजोबा, याने मला विचारलंच नाही!”

आजोबा उठून उभे राहिले. आतल्या खोलीत गेले आणि शब्दकोश उघडून वहीचं ते पान बाहेर काढलं. ‘दिवाळीत मी एकटीने सिंधुदुर्ग केला.’ ही ओळ त्यांनी पन्नासदा तरी वाचली असेल. पोरीने कौतुकाने लिहिलेली ओळ, म्हणून प्रत्येक वेळी मान डोलावून ते पुढे गेले होते.

त्यांनी थेंबूच्या नोंदी भिंतीवर उमटवल्या. त्यात नावं नव्हती, कुठल्या दिवशी किती लाल दिवे लागले एवढंच होतं. वर्षभर ठेंगण्या रेघा आणि मध्येच एक ताडमाड सुळका. मागच्या वर्षीही तसाच. त्याच्या मागच्या वर्षीही. सुळका त्यांच्या ओळखीचा होता. दिवाळीत थंडी पडते, फटाक्यांचा धूर होतो, म्हणून आजार उलटत असेल, असं त्यांनी स्वतःच एका अहवालात लिहिलं होतं. धूर! सुळका दिवाळीच्या चार दिवसांवर होता आणि त्या दिवसांत महाराष्ट्रातली अर्धी पोरं चिखलात उकिडवी बसून किल्ले करत असतात.

पण आजोबा लगेच कचरले. आपली नात आहे म्हणून तर आपल्याला हे सुचत नाही ना? लाल दिवा खरा असला आणि आपण त्याला किल्ला म्हणून सोडून दिलं, तर पोरीचे स्नायू आतून झिजत जातील. दोन वर्षं एक पत्र लिहिता न आलेल्या माणसाने एवढा निर्णय घ्यावा?

“अण्णा, डॉक्टर,” पल्लवीने हाक मारली.

पडद्यावर डॉ. नसरीन मुजावर होत्या. आजोबांनी अडखळत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “माझंच चुकत असेल. तुम्ही सांगाल ते करू.”

“सर, चूक-बरोबर ठरवायची घाई कशाला? शलाकालाच विचारूया की,” डॉक्टर म्हणाल्या. “शलाका, आडवी हो आणि उशीवरून नुसती मान उचल. आता हात वर करून केस विंचरून दाखव. जमतंय?”

“आरामात.”

“आता खुर्चीतून उठ. हात न टेकता.”

शलाका चेहरा वेडावाकडा करत उठली. “दुखतंय, पण उठले.”

“हे महत्त्वाचं. पापण्यांवर जांभळट रंग? बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे? ताप? नाही ना? गिळायला, श्वास घ्यायला त्रास? लघवी चहासारखी गडद? नाही. मग गोळी आहे तेवढीच ठेवा, चार. किल्ला बंद. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब. यातलं काही दिसलं, उलट्या किंवा चक्कर आली, तर सण सोडून इकडे यायचं.”

फोन बंद झाल्यावर शलाका म्हणाली, “दुखतंय पण उठले, यात महत्त्वाचं काय?”

आजोबांनी खिडकीतून समोरच्या कौलारू गोठ्याकडे बोट दाखवलं. “ते छप्पर गळायला लागलं असं समज. खाली बादली ठेवली आणि पाणी मोजलं. बादली भरली. एवढ्यावरून छप्पर का गळतंय ते कळेल?”

“नाही. नुसतं गळतंय एवढंच कळेल.”

“थेंबू म्हणजे ती बादली. स्नायूचा धागा दुखावला, की त्यातला एक विकर (शरीरातली कामं भराभर करवून घेणारा पदार्थ) रक्तात गळतो. थेंबू तो मोजतो. आता, छपरावर माकड उड्या मारून गेलं, तर चार कौलं फुटतात. आणि वाशाला वाळवी लागली, तरीही छप्पर गळतं. बादलीत पाणी तेच.”

शलाका विचारात पडली. “माकड म्हणजे माझा किल्ला. वाळवी म्हणजे आजार.”

“बरोबर. मग फरक कसा ओळखशील?”

“माकड आलं होतं का, ते विचारायचं.” ती थांबली. “आणि... माकड जिथे नाचलं, तिथलीच कौलं फुटणार. किल्ल्याच्या मातीच्या बादल्या माझ्या बाबाने उचलल्या होत्या, म्हणून माझे खांदे ठणठणीत. वाळवी काय, कुठेही जाईल!”

“या आजाराला खांदे, मान, मांड्या हे सगळंच आवडतं. शिवाय वाळवी लागलेला वासा भार पेलत नाही. आजार उलटतो तेव्हा कधी दुखतं, कधी मुळीच दुखत नाही, पण ताकद जाते. जिना चढवत नाही, हात वर धरवत नाही. दुखणं आणि दुबळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“आणि माकड निघून गेलं, की गळती रोज कमी होत जाईल!”

“होईल. पण एक सांगून ठेवतो. असं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधी वाढतं, मग उतरतं.”

हे सांगून ठेवलं ते बरं झालं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शलाकाला जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागलं. पल्लवीचे डोळे भरून आले. “अण्णा, तुमची माकडं-वाळवी पुरे झाली. हिला बघवत नाही माझ्याने.”

आजोबांचाही धीर सुटत होता. त्यांनी शलाकाला खुर्चीत बसवलं आणि घड्याळ हातात घेतलं. “पाच वेळा ऊठ-बस. हात न टेकता.”

शलाका “आई गं, आई गं” करत पाचही वेळा उठली. बारा सेकंद. काल डॉक्टरांचा फोन झाल्यावर मोजले, तेव्हाही बाराच होते. दुखणं वाढलं होतं, ताकद मात्र जागची हलली नव्हती. आजोबांनी तो आकडा पल्लवीला दाखवला. डॉक्टरांना लावायला उचललेला फोन तिने खाली ठेवला.

पाडव्याला शलाका कठड्याला नुसता हात लावून उतरली. भाऊबीजेच्या सकाळी ती पाटावर मांडी घालून बसली आणि तिने स्वतःच थेंबूला बोट पुढे केलं.

“पिवळा,” थेंबू म्हणाला. “प्रमाण निम्म्याहून खाली आलं आहे. कारण अज्ञात.”

“कारण माकड,” शलाका म्हणाली.

डॉ. मुजावर पडद्यावर हसल्या. “आजार उलटलेला नाही. ताण होता. चार मिलिग्रॅमच चालू ठेवूया, पुढच्या आठवड्यात पुन्हा थेंब. हिरवा आला, तर साडेतीनचा विचार करू.”

पल्लवीने शलाकाला जवळ ओढून घेतलं आणि मग तिच्या हातात रव्याचा लाडू ठेवला. शलाकाने तो अख्खाच तोंडात कोंबला.

दुपारी आजोबा थेंबूला उघडून बसले. दिवा लावण्याआधी त्याने काय विचारायचं, ते शलाका सांगत होती: गेल्या चार दिवसांत वेगळं काय केलंस? दुखतंय कुठे? हात न टेकता उठता येतंय का? डोक्यावर हात धरवतो का? आणि एका थेंबावर निकाल नाही, दोन थेंबांची तुलना करायची. हे नवे प्रश्न आधी डॉक्टर तपासणार होते आणि मगच राज्यभरातल्या थेंबूंना शिकवले जाणार होते.

“पुढच्या दिवाळीत तो सुळका दिसणार नाही,” शलाका म्हणाली.

“थोडा दिसेल. काहींचा आजार खरंच उलटलेला असेल. निदान ते या गर्दीत हरवणार नाहीत.” आजोबांनी वहीचं ते पान तिच्यापुढे ठेवलं.

शलाकाने ते वाचलं. “दोन वर्षं? आजोबा, तुम्ही उत्तर नाही दिलंत?”

“मला खरं माहीत नव्हतं गं.”

“मग ‘माहीत नाही’ असं लिहायचं ना!”

इतकं सोपं काही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते टेबलाशी बसले आणि पाचवा मसुदा न फाडता पुरा झाला.

‘चि. उन्नती, अनेक आशीर्वाद. हो, थेंबू चुकतो. तुझ्या वेळी तो चुकला की नाही, हे मला माहीत नाही आणि आता शोधूनही काढता येणार नाही. पण सिंधुदुर्ग केलास का, हे त्याने तुला विचारायला हवं होतं. तो प्रश्न मी त्याला शिकवला नव्हता. तुझ्या पत्रातल्या ओळीने आणि माझ्या नातीच्या रागाने तो आता शिकतो आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त कर. तू रागावणार नाहीस, असं लिहिलं होतंस. रागावलीस तरी चालेल. पण कशी आहेस, ते कळव. तुझा, पद्माकर मगदूम.’

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत दोघं चालत गेली. पेटीच्या तोंडाशी आजोबांचा हात थबकला.

“खाली एक ओळ लिहायची राहिली का, असं वाटतंय.”

“आजोबा,” शलाका म्हणाली, “टाका.”

त्यांनी पाकीट टाकलं.